आजोबा ‘बोटीवर होते’ म्हणजे नेमके कुठे होते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले आजोबा एरंडोल तालुक्यातले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते घरी न सांगता मुंबईला गेले, ‘बोटीवर’ भरती झाले, १९४६ मध्ये परत आले आणि पुढे आयुष्यभर शेती केली. घरात खलाशाच्या वेषातला त्यांचा एक फोटो आहे, एक तपकिरी, चांदणीच्या आकाराचे पदक आणि राजाचे मुंडके असलेले एक गोल पदक आहे, आणि ते ‘नेव्हीच्या बंडात’, म्हणजे फेब्रुवारी १९४६ च्या नाविकांच्या संपात, होते अशी आठवण सगळे सांगतात. या आठवणीला कागदाचा आधार कसा मिळवायचा, हे आपल्याला हवे आहे.

मी नौदलात लेखनिक शाखेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर अमळनेरला राहायला आल्यापासून खानदेशातल्या घरांतले असे कागद वाचून देण्याचे काम करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या हाती आहे ते कमी नाही. मात्र आपण ज्या क्रमाने शोध घ्यायला निघाला आहात, म्हणजे आधी बंडाची कागदपत्रे चाळायची आणि त्यांत आजोबांचे नाव शोधायचे, तो क्रम उलटा करावा लागेल. बंड शेवटी येते. आधी माणूस कोणत्या नोकरीत होता ते ठरवायचे, मग त्याचा नंबर शोधायचा, मग नंबरावरून सेवेचा कागद मिळवायचा, आणि तो कागद समोर ठेवून आठवण तपासायची.

‘बोटवर व्हता’ या एका वाक्यात आपल्याकडे चार वेगवेगळ्या नोकऱ्या बसतात. पहिली, शाही हिंदी नौदल, म्हणजे रॉयल इंडियन नेव्ही. दुसरी, व्यापारी जहाजांवरची खलाशाची नोकरी. तिसरी, मुंबईच्या नौदल गोदीतली नागरी नोकरी, जिथे माणूस लढाऊ जहाजांवर रोज चढत-उतरत असे पण नौसैनिक नसे. चौथी, बंदरातल्या मालगोदीतली हमाली किंवा क्रेनवरची नोकरी. समुद्रापासून दूर, तापी-गिरणेच्या काठी राहणाऱ्या आपल्या माणसांना या चारांत फरक करण्याचे कारण नव्हते; सगळेच ‘बोटीवर’. पण या चौघांचे कागद चार वेगळ्या ठिकाणी असतात, आणि चुकीच्या दारावर वर्ष-दोन वर्षे पत्रे पाठवत राहिलेली कितीतरी कुटुंबे मी पाहिली आहेत.

आपल्या बाबतीत फोटो आणि पदके हा फरक सांगू शकतात, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करू.

पदकांना आधी हात लावू नका. म्हणजे घासू-पुसू नका. चोपडा तालुक्यातल्या एका घरी मला दाखवलेले पदक आजींनी चाळीस वर्षे दर दसऱ्याला शस्त्रपूजेच्या वेळी चिंच आणि राखेने लख्ख घासलेले होते. त्यांची श्रद्धा खरी होती, पण कडेवरची अक्षरे जवळजवळ गेली होती. आम्ही खोलीत अंधार केला, पदक बोटांत उभे धरले आणि कडेला अगदी समांतर बॅटरीचा झोत टाकला. तेव्हा झिजलेल्या खाचांची सावली पडून शेवटचे तीन आकडे आणि त्यापुढे ‘आर.आय.एन.’ ही तीन इंग्रजी अक्षरे वाचता आली. पातळ कागद लावून शिसपेन्सिल हलक्या हाताने फिरवली तरी असाच ठसा उमटतो. त्या घरी उरलेले आकडे एका मनिऑर्डरच्या कुपनावर मिळाले. पैसे पाठवताना त्या गृहस्थांनी नावाआधी नंबर लिहिला होता.

दुसऱ्या महायुद्धातल्या मोहिमांची पदके ब्रिटिश सैनिकांना बहुतेक कोरी दिली गेली. हिंदुस्थानी फौजांची पदके मात्र मोठ्या प्रमाणावर नाव-नंबर घालून दिली गेली. गोल पदकावर ही अक्षरे कडेवर असतात आणि चांदणीवर पाठीमागच्या सपाट भागावर. आपल्या गोल पदकाच्या एका बाजूला राजा सहाव्या जॉर्जचे मुंडके आहे, ते ठीक. पण दुसरी बाजू पाहा. तिथे दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह असेल तर ते युद्धपदक होय, आणि ते नौदल, लष्कर आणि व्यापारी जहाजे अशा सगळ्यांना मिळाले. तिथे हिंदुस्थानचा नकाशा असेल तर ते इंडिया सर्व्हिस मेडल होय. ते फक्त हिंदुस्थानी लष्करी दलांतल्या माणसांना, तीन वर्षांच्या सेवेनंतर मिळे. म्हणजे नकाशा निघाला तर व्यापारी जहाजाचा प्रश्न तिथेच मिटतो.

चांदणीच्या मध्यभागी राजाच्या आद्याक्षरांभोवती तिचे नाव असते. ‘१९३९-४५ स्टार’ नौसैनिकाला साधारणपणे युद्धक्षेत्रात सहा महिने जहाजावर काढल्यानंतर मिळे. ‘बर्मा स्टार’ असेल तर आजोबा बंगालच्या उपसागरातल्या मोहिमांत होते असे धरायला जागा आहे. पण चांदण्या व्यापारी खलाशांनाही मिळाल्या आहेत, म्हणून नुसत्या चांदणीवरून निष्कर्ष काढू नका. पाठीमागची अक्षरे वाचल्याशिवाय ती अर्धा पुरावा आहे.

आता फोटो. टोपीच्या पट्टीवर इंग्रजीत काय लिहिले आहे ते भिंगातून पाहा. शांततेच्या काळात पट्टीवर जहाजाचे पूर्ण नाव असे. युद्धकाळात गुप्ततेसाठी नाव काढून नुसती ‘एच.एम.आय.एस.’ (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) एवढीच अक्षरे ठेवली जात. बाहीवरच्या खुणांबद्दल एक गैरसमज मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटतो. डाव्या बाहीवर उलट्या-सुलट्या कोनांच्या फिती दिसल्या की घरचे म्हणतात, बाबा हवालदार होते. नौदलात त्या फिती हुद्द्याच्या नसून चांगल्या वर्तणुकीच्या असत, आणि त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीप्रमाणे पहिली तीन वर्षांनी, दुसरी आठ आणि तिसरी तेरा वर्षांनी मिळे. हुद्दा नांगर सांगतो: एक नांगर म्हणजे लीडिंग, दोन आडवे-तिडवे नांगर म्हणजे पेटी ऑफिसर. उजव्या बाहीवर कामाची खूण असते. पंखा असेल तर इंजिनखोलीतला स्टोकर, एकमेकांवर ठेवलेली दोन निशाणे असतील तर सिग्नलमन, पंख आणि वीज असेल तर बिनतारी यंत्रावरचा टेलिग्राफिस्ट. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही उतरवून घ्या. कराचीचा शिक्का निघाला तर ती मोठी मदत आहे, कारण युद्धकाळातल्या प्रशिक्षणाच्या अनेक शाळा कराचीत होत्या.

पेटीतले इतर कागद एकदा सावकाश पाहा. जुन्या पोस्टकार्डावर ‘फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ असा पत्ता असेल तर नौदलाबद्दल शंका राहत नाही. सर्वांत मोलाचा कागद म्हणजे सेवेचा दाखला, सर्टिफिकेट ऑफ सर्व्हिस. तो जाड कागदाचा, घड्या पडलेला, दोन्ही बाजूंनी रकाने आखलेला असतो, आणि जहाजाचे नाव, हुद्दा, कधीपासून कधीपर्यंत, वर्तणुकीचा शेरा आणि सेवा संपण्याचे कारण हे सगळे त्यावर ओळीने असते. ब्रिटिश नौदलाच्या दाखल्याचा एक कोपरा कापण्यासाठी आखलेला असे आणि माणसाला बदनामीने काढले असेल तर तो कोपरा कापून देत. शाही हिंदी नौदलाने आपली बरीचशी पद्धत तिथूनच उचललेली होती. म्हणून दाखला सापडलाच तर कोपरे शाबूत आहेत की नाहीत, आणि नसतील तर कात्रीने कापले आहेत की कसरीने खाल्ले आहेत, हे बारकाईने पाहा.

दाखला नसेल तर पत्रव्यवहार करावा लागतो, आणि तिथे आपल्या खानदेशी माणसाची खरी अडचण सुरू होते. ती अडचण नावाची आहे. मूल जगावे म्हणून उखर्डू, दगडू, धोंडू, वेडू अशी नावे ठेवण्याची आपल्याकडची रीत; ती नावे कधीही न ऐकलेल्या कारकुनाने भरतीच्या टेबलावर कानावर पडेल तशी इंग्रजीत उतरवली. ‘झिपरू’ हे नाव मी जे, झेड आणि जे-एच अशा तिन्ही अक्षरांखाली पाहिले आहे. शिवाय पुष्कळांनी आडनाव सांगितलेच नाही. स्वतःचे नाव आणि बापाचे नाव, एवढेच. ‘पाटील’ हे घराला गावात मिळालेले मानाचे नाव, भरतीच्या कागदावर ते असेलच असे नाही. आणि उलट, ज्यांचे आडनाव आज वेगळे आहे त्यांची नोंद पाटील म्हणून झालेलीही मी पाहिली आहे. एका प्रकरणात एका कार्यालयाकडून ‘असा इसम आमच्या दप्तरी नाही’ असे उत्तर दोनदा आले. तिसऱ्या वेळी आडनाव गाळून, नुसते नाव आणि बापाचे नाव, तेही स्पेलिंगच्या चार पर्यायांसह पाठवले, तेव्हा पंधरा ओळींचे सेवेचे टिपण मिळाले.

गावाचे आणि जिल्ह्याचे नावही त्या काळचे द्यावे लागते. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव आणि पश्चिमेचे धुळे. आपल्या आजोबांच्या कागदावर ‘जळगाव जिल्हा’ सापडणार नाही, ‘ईस्ट खानदेश’ सापडेल, आणि पुष्कळदा त्याची नुसती आद्याक्षरे. नंदुरबार जिल्हा तर १ जुलै १९९८ चा. तिकडच्या माणसाची नोंद ‘वेस्ट खानदेश’मध्ये पाहायची. धुळ्याचे इंग्रजी स्पेलिंग ‘धुलिया’ असे होई.

म्हणून पत्र पाठवण्याआधी एक फेरी गावात आणि तालुक्याला करा. मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आजोबांचे नाव, बापाचे नाव आणि जन्मतारीख असेल. ती तारीख आणि नौदलातली तारीख जुळली नाही तर घाबरू नका; वय वाढवून भरती झालेली पोरे कमी नव्हती. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, पाहायला मागा. त्यातल्या जुन्या पानांवर मोडी असू शकते. कुणबी नोंदींच्या शोधासाठी अलीकडे जुनी दप्तरे मोठ्या प्रमाणावर उघडली आणि स्कॅन झाली, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी जे बांधणीत धूळ खात पडले होते ते आज पुष्कळ ठिकाणी हाती लागते. मोडी वाचणारा माणूस जवळ नसेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात चौकशी करा. फेरफार नोंदीही सोडू नका. भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा एक भाऊ गावात नव्हता, तो ‘आरमारात नोकरीस’ आहे, असा एक शब्द फेरफारात सापडून मला एका माणसाचे भरतीचे साल दोन वर्षांच्या आत आणता आले होते.

आजोबांना किंवा आजींना कधी माजी सैनिक म्हणून काही मदत मिळाली असेल तर जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांचे नाव असू शकते, आणि तिथल्या नोंदीत नंबर हमखास असतो. तिथे स्वतः जा. फोनवर हे काम होत नाही.

नौसैनिकांच्या सेवानोंदींचे मुख्य ठिकाण मुंबईत मानखुर्दला आहे: कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्स, चीता कॅम्प. हे अधिकाऱ्यांचे नव्हे, सेलरांचे दप्तर आहे. अधिकाऱ्यांसाठी दिल्लीला नौदल मुख्यालयाकडे जावे लागते. पहिले पत्र साधे, वारसाचे पत्र म्हणून लिहा. आजोबांचा मृत्यूदाखला, आपले नाते दाखवणारा कागद, पदकाच्या कडेच्या ठशाची आणि फोटोची प्रत जोडा. नावाचे सगळे पर्याय, बापाचे नाव, गाव, तालुका, त्या काळचा जिल्हा, भरतीचे आणि सुटकेचे अंदाजे साल आणि बाहीवरच्या खुणेवरून कळलेली शाखा लिहा. ‘आजोबांविषयी सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नका. सेवेत दाखल झाल्याची तारीख, जहाजे आणि तळ तारखांसह, सेवा संपण्याची तारीख आणि कारण, मिळालेली पदके, असे नेमके मागा. नेमक्या मागणीला उत्तर देणे दप्तरातल्या माणसालाही सोपे जाते.

पत्राला उत्तर आले नाही तर माहितीचा अधिकार आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयाकडे अर्जाचे शुल्क १० रुपये आणि उत्तराची मुदत ३० दिवस आहे. कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे वीस वर्षांहून जुन्या घटनांची माहिती बहुतेक अपवादांच्या नावाखाली नाकारता येत नाही, आणि कलम ६(३) प्रमाणे अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो योग्य कार्यालयाकडे पाठवण्याची जबाबदारी त्यांचीच असते. ही दोन्ही कलमे अर्जात लिहा. तरीही मी आधी साधे पत्र पाठवा म्हणतो, कारण वारस म्हणून विचारणाऱ्याला पुष्कळदा अर्जदारापेक्षा अधिक मिळते.

सेवेचे टिपण हाती आले की त्यातली नावे वाचताना एक गोष्ट ठाम लक्षात ठेवा: ‘एच.एम.आय.एस.’ लावलेले प्रत्येक नाव जहाजाचे नसते. नौदलाच्या रीतीप्रमाणे जमिनीवरच्या तळालाही जहाजासारखेच नाव देतात. ‘तलवार’ ही कुलाब्याची सिग्नल शाळा होती, ‘अकबर’ हा ठाण्याचा प्रशिक्षणतळ, ‘शिवाजी’ हे लोणावळ्याचे यांत्रिक प्रशिक्षणाचे केंद्र, ‘मच्छलीमार’ ही मुंबईतली पाणबुडीविरोधी शाळा; ‘बहादूर’, ‘हिमालय’ आणि ‘चमक’ कराचीला होते. जहाज सोडून माणूस रजेवर, इस्पितळात किंवा बदलीच्या वाटेवर असला की त्याचे नाव अशा एखाद्या तळाच्या पटावर चढे. म्हणून टिपणात ‘डलहौसी’ तीन-चार वेळा दिसले तर त्याचा अर्थ आजोबा त्या नावाच्या जहाजावर पुन्हा पुन्हा गेले असा नाही. ते मुंबईच्या तळावर पुढच्या हुकुमाची वाट पाहत होते.

खऱ्या जहाजाचे नाव आणि तारखा मिळाल्या की मात्र शोधाला एकदम पंख फुटतात, कारण जहाज कुठे होते हे माणसापेक्षा कितीतरी सोपे सापडते. समजा टिपणात नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘बेंगाल’ दिसले. ११ नोव्हेंबर १९४२ या दिवशी हे छोटे सुरुंगशोधक जहाज ‘ओन्डिना’ या डच तेलवाहू जहाजाला सोबत करत असताना ‘होकोकू मारू’ आणि ‘आयकोकू मारू’ या दोन मोठ्या जपानी जहाजांशी त्याची गाठ पडली. त्यातले होकोकू मारू बुडाले आणि बेंगाल आणि ओन्डिना दोन्ही वाचली. जुलै १९४३ मध्ये ‘सतलज’ किंवा ‘जमना’ दिसले तर आजोबा सिसिलीच्या किनाऱ्यावर दोस्त फौजा उतरल्या त्या मोहिमेत होते. फेब्रुवारी १९४४ मध्ये ‘जमना’वर असतील तर ११ तारखेला विशाखापट्टणमच्या समुद्रात ‘आरओ-११०’ ही जपानी पाणबुडी दोन ऑस्ट्रेलियन जहाजांच्या जोडीने बुडवली गेली तेव्हा ते तिथे होते. एरंडोलच्या काळ्या मातीतला वीस वर्षांचा पोरगा अशा ठिकाणी उभा होता हे कागदावर दिसते, तेव्हा माझ्यासारख्या जुन्या माणसालाही क्षणभर वाचन थांबवावे लागते.

जहाजांच्या हालचालींसाठी भारत आणि पाकिस्तानच्या संयुक्त इतिहास विभागाने १९६४ मध्ये काढलेला शाही हिंदी नौदलाचा अधिकृत युद्धेतिहास पाहा. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येते. तिथे आजोबांचे नाव टाकून काही मिळणार नाही, कारण फायलींची सूची विषयावर आहे. जहाजाचे नाव आणि साल टाका. ‘नर्मदा’ आणि ‘गोदावरी’ ही जहाजे शोधताना ध्यानात असू द्या की १९४७ च्या वाटणीत ती पाकिस्तानला गेली आणि ‘झेलम’ व ‘सिंध’ झाली. नंतरच्या भारतीय याद्यांत ती नाहीत. ‘नेव्ही लिस्ट’ नावाच्या छापील याद्यांत मात्र वेळ घालवू नका. त्या अधिकाऱ्यांच्या असतात. साध्या सेलराचे नाव त्यांत येत नाही.

आता बंडाकडे येतो. नाविकांचा संप १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’वर सुरू झाला. निकृष्ट जेवण, पगार, सुटकेनंतरच्या नोकरीची चिंता, गोऱ्या कमांडरची अपमानास्पद भाषा आणि आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी तापलेले वातावरण अशी त्याची कारणे होती. तो ७८ जहाजे, २० तळ आणि सुमारे २०,००० नाविकांपर्यंत पसरला. २१ तारखेला मुंबईत कॅसल बॅरॅक्सवर गोळीबार झाला, कराचीत ‘हिंदुस्तान’ जहाजावर चकमक झाली, आणि २३ तारखेला वल्लभभाई पटेलांचा सल्ला मानून नाविकांनी शस्त्रे खाली ठेवली. मग अटका झाल्या, मुलुंडच्या छावणीत माणसे कोंडली गेली आणि चारशेहून अधिक नाविकांना नोकरीतून काढण्यात आले.

या सहा दिवसांत आजोबा कुठे होते, एवढाच प्रश्न आपल्याला टिपणातून सोडवायचा आहे. १८ फेब्रुवारीला ते कोणत्या पटावर होते ते पाहा, आणि ते जहाज किंवा तळ संपात होता का ते चौकशी आयोगाच्या कागदपत्रांत पाहा. न्यायमूर्ती सय्यद फजल अली यांच्या अध्यक्षतेखालच्या या आयोगाची आणि बंडाची कागदपत्रे राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यानंतर सेवा संपण्याचे कारण वाचा. ‘डिसमिस्ड’ असेल तर वेगळे. ‘रिलीज’ किंवा ‘डिमॉबिलायझेशन’ असेल तर युद्ध संपल्यावर हजारोंना घरी पाठवले त्यांतले ते एक. ‘सर्व्हिसेस नो लाँगर रिक्वायर्ड’, म्हणजे सेवेची गरज उरली नाही, असा शेरा असेल तर त्याचा अर्थ दरवेळी बंड असा होत नाही. तारीख आणि तळ पाहूनच काय ते ठरवावे. आजोबा १९४६ मध्ये परत आले म्हणजे बंडात होते, हे अनुमान एकट्याने टिकत नाही, कारण त्या वर्षी जे बंडात नव्हते तेही परत आले.

पारोळा तालुक्यातल्या एका कुटुंबाला हे मला तोंडावर सांगावे लागले होते. टिपणाप्रमाणे त्यांचे वडील जानेवारी १९४६ मध्ये ‘अकबर’वरून सुटले होते, संप सुरू झाला तेव्हा ते घरी होते. मुलगा बराच वेळ बोलला नाही. मग मी त्याच टिपणातल्या वरच्या ओळी वाचून दाखवल्या: त्यांच्या वडिलांनी १९४४ आणि ४५ मधले चौदा महिने बंगालच्या उपसागरात एका लढाऊ जहाजाच्या इंजिनखोलीत काढले होते, आणि घरात त्याविषयी कोणालाही एक शब्द ठाऊक नव्हता. वडिलांनी मुंबईच्या बातम्या गावात येऊन रंगवून सांगितल्या असतील, ऐकणाऱ्यांनी त्यांनाच त्यात उभे केले असेल. त्यात कोणी खोटे बोलले असे मी मानत नाही.

आजोबांनी स्वातंत्र्यसैनिक म्हणून निवृत्तिवेतनासाठी कधी अर्ज केला होता का, हे घरात विचारा. १९४६ च्या नाविक उठावातले सहभागी केंद्राच्या सन्मान योजनेत धरले गेले आहेत. अर्ज केला असेल, मग तो मंजूर होवो वा नामंजूर, तर जिल्हाधिकारी कार्यालयात त्याची फाईल असू शकते, आणि तीत त्यांच्या स्वतःच्या शब्दांतले निवेदन, सोबत्यांची प्रमाणपत्रे असा ऐवज असतो. त्या निवेदनात ‘आय.एन.एस. तलवार’ असे लिहिलेले असेल तर बिचकू नका. १९४६ मध्ये ते ‘एच.एम.आय.एस.’ होते, ‘आय.एन.एस.’ २६ जानेवारी १९५० पासून आले, आणि नंतर लिहिणाऱ्याच्या हातून नवे नाव पडते. पण कोणी १९४६ चा म्हणून दाखवलेल्या मूळ कागदावर ‘आय.एन.एस.’ असेल तर तो कागद त्या सालचा नाही.

पदकावर ‘आर.आय.एन.’ न निघता ते कोरे निघाले आणि फोटोतही नौदलाची खूण नसली, तर आजोबा व्यापारी जहाजावर असण्याची शक्यता वाढते. तेव्हा बॅलार्ड इस्टेटमधल्या शिपिंग मास्टरच्या कार्यालयात विचारायचे आणि घरात सी.डी.सी., म्हणजे खलाशाच्या जहाजांवरील सेवेची नोंदपुस्तिका, शोधायची. त्यांचा एखादा सोबती परत आला नाही असे घरात सांगत असतील तर राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) संकेतस्थळावर त्या सोबत्याचे नाव टाकून पाहा. समुद्रात गेलेल्या आणि कबर किंवा दहनभूमी नसलेल्या हिंदी नौसैनिकांची आणि व्यापारी खलाशांची नावे तिथे आहेत, आणि सोबत्याच्या जहाजावरून आजोबांचे जहाज सापडल्याची उदाहरणे माझ्याकडे आहेत. १९३४ पूर्वीच्या माणसाचा शोध हा वेगळा विषय आहे. तेव्हाचे दल ‘रॉयल इंडियन मरीन’ होते, त्यात रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी मोठ्या संख्येने असत, आणि त्याचे कागद मुंबईच्या राज्य अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत पाहावे लागतात. आपल्याला तूर्त त्याची गरज नाही.

या आठवड्यात एवढे करा. दोन्ही पदके मऊ कापडावर ठेवून दोन्ही बाजूंनी, कडेने आणि चांदणीच्या पाठीमागून फोटो काढा; कडेचा पेन्सिलीचा ठसा घ्या; आजोबांच्या फोटोतल्या टोपीची पट्टी आणि दोन्ही बाह्या जवळून टिपा. शाळेच्या रजिस्टरची नक्कल मिळवा. नंबरातले तीन आकडे जरी वाचता आले तरी मानखुर्दच्या पत्राचा मसुदा आपण तेवढ्यावर तयार करू शकतो.